सासूबाईंचा उंट आणि माझी भिंत

जावयाला सासुरवाडीत मान असतो, असं मी लग्नाआधी ऐकून होतो आणि मला तो मिळालाही. कोपर स्टेशनजवळच्या त्यांच्या घरात पाऊल टाकलं की खिडकीजवळची वेताची खुर्ची माझी, तव्यावरची पहिली पोळी माझी आणि बुद्धिबळाच्या पटावर पांढरे मोहरे माझे. पांढरे मोहरे जावयाने घ्यायचे, हा नियम सासूबाईंनी स्वतः घातला होता. एवढा मान यथासांग देऊन झाला की त्या समोर स्टुलावर बसत आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत माझी पार वाट लावून टाकत.

मी अगदीच वाईट खेळतो असं नाही. कारखान्यातल्या स्पर्धेत मी एकदा दुसरा आलो आहे. त्या स्पर्धेत दोघांहून जास्त लोक होते, हे बायको मान्य करत नसली तरी खरं आहे. पण सासूबाईंचं बुद्धिबळ निराळं होतं. त्यांचं माहेर देशावरचं, वडील शाळामास्तर. त्या घरात खेळ चालायचा तो जुन्या देशी पद्धतीचा आणि सासूबाईंनी तीच पद्धत कोपरच्या फ्लॅटमध्ये आणून बसवली होती. तिच्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं. राजाला हत्तीआड लपवायचा किल्लेकोट वगैरे काही नाही, त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आणि मात झाली एवढं पुरत नाही, कोणी केली तेही बघतात. वजिराने केलेली मात साधी. प्याद्याने केलेली ती प्यादेमात, तिचा मान सगळ्यात मोठा. सासूबाईंच्या वडिलांवर कोणी प्यादेमात केली तर ते म्हणे हरल्याचं दुःख बाजूला ठेवून आत जात आणि जिंकणाऱ्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत.

मला गूळ-शेंगदाणे मिळायची कितीतरी वर्षं वेळच आली नाही. त्याला कारण सासूबाईंचा उंट.

काळे मोहरे घेऊन त्या नेहमी एकच मांडणी करत. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं आणि त्याच्यामागे जी खिडकी तयार होते तिच्यात उंट बसवायचा. बस्स. हल्ली मोबाईलवर या बचावाला भारदस्त नावं आहेत, त्यावर तास-तासभराचे व्हिडिओ आहेत. सासूबाई त्याला ‘उंट कोपऱ्यात बसवणे’ म्हणत. कोपऱ्यात बसलेला तो उंट पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरका बघत असतो आणि त्या दुसऱ्या टोकाला माझा हत्ती उभा असतो. पण हे सुरुवातीला लक्षात येत नाही, कारण मध्ये त्यांचाच घोडा उभा असतो आणि सगळं कसं शांत दिसतं.

एकदा उंट बसला की सासूबाई पुढे काहीच करत नसत. मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत. मला वाटायचं, बाई घाबरली. मग मी पटाच्या मधोमध प्यादी, घोडे, वजीर, जे हाताला लागेल ते पुढे रेटायचो. आता मुसंडी मारणार, तेवढ्यात त्या लसणीचा हात पदराला पुसून समोरचा घोडा बाजूला करत आणि अगदी मायेने म्हणत, “उंट बघा हं, जावईबापू.”

तोवर फार उशीर झालेला असे.

एकदा तर मी त्यांचा राजा कडेला कोंडला होता. बायकोला हाक मारून बोलावलं, मोबाईलवर फोटो काढायला सांगितला. तिने फोटो काढेपर्यंत राजाने घोड्यासारखी उडी मारली आणि माझ्या सगळ्या फौजेच्या पलीकडे जाऊन बसला. तो फोटो बायकोने जपून ठेवला आहे. त्यात मी हसतो आहे.

सासरे गेल्यानंतर सासूबाई त्या घरात एकट्या राहत होत्या. आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला. घर बरंच उंचावर, लिफ्ट आहे, एक खोली रिकामी आहे. बायकोने आईला किती वेळा सांगितलं असेल. पण मुलीच्या घरी राहायला जात नाहीत, हे सासूबाईंच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. ठाण्याला त्या यायच्या, पण सकाळी येऊन संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला कोपरला परत. येताना स्वतःचा डबासुद्धा आणायच्या आणि त्यातलंच आम्हाला वाढायच्या. रोज सकाळी फोन उचलायला त्यांना जरा वेळ लागला की बायको हातातलं काम टाकून उभी राहायची. मग पलीकडून “अगं, मी गॅलरीत होते” असं आलं की ती आधी आईवर चिडायची आणि मग माझ्यावर.

एका रविवारी तिचा धीर सुटला. मी नेहमीप्रमाणे हरण्याच्या बेतात होतो. बायको येऊन आईशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, “आई, बास झालं. तू पडलीस-बिडलीस तर आम्हाला कळणार कधी? चल ना गं आमच्याकडे.” बोलता बोलता ती रडायला लागली.

सासूबाईंनी पटावरची नजर काढली नाही. एक चाल केली, मग म्हणाल्या, “जावईबापूंनी मला एकदा हरवलं की येते.”

बायकोने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाला नजरा वाचता येतात. आपली आई कोपरलाच राहणार याची तिला त्या क्षणी खात्री पटली होती.

मला राग आला. जावई म्हणून आला, नवरा म्हणून आला आणि दुसरा नंबर आलेला खेळाडू म्हणूनही आला. मी कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. तयार झालेला माल दाराशी अडवायचा, उलटसुलट करून बघायचा आणि शंका आली की परत पाठवायचा, यासाठी मला पगार मिळतो. अडवणं हा माझा धर्म आहे आणि पटावर मी तोच विसरून आंधळ्यासारखा धावत होतो. मी जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघायला सुरुवात केली.

बरेच व्हिडिओ हल्ला कसा करावा ते सांगणारे होते. ते मी सोडून दिले. शेवटी एक मास्तर भेटला, माझ्यासारखाच जाडसर आणि सावध. तो म्हणाला, कोपऱ्यातल्या उंटाशी भांडायला जाऊच नका, त्याच्यासमोर भिंत बांधा. वजिरापुढचं प्यादं पटाच्या मध्यावर आणून ठेवायचं. त्याच्या मागे तिरक्यात, उंटापुढचं प्यादं एकच घर सरकवून टेकू द्यायचा. आता कोपऱ्यातला उंट बघणार काय, तर भिंत. मग घोडे आपापल्या जागी, उंट आपापल्या जागी, राजा घरात. कोणावर धावून जायचं नाही. समोरचा कंटाळून चुकेल, त्याची वाट बघायची. मास्तर हे सांगताना इतका संथ बोलत होता की मला तो ऐकता ऐकता दोनदा डुलकी लागली. मी म्हटलं, हाच माझा गुरू.

पुढच्या रविवारी मी खुर्चीत बसलो आणि मोठ्या रुबाबात वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे ठेवलं. सासूबाईंनी ते एका बोटाने उचलून एक घर मागे आणलं.

“आमच्यात प्यादं चालतं, उडी मारत नाही,” त्या म्हणाल्या.

व्हिडिओच्या नादात मी देशी नियम साफ विसरलो होतो. माझी भिंत बांधायला मास्तरने सांगितल्यापेक्षा जास्त चाली लागणार होत्या. उलट सासूबाईंना उंट बसवायला प्याद्याची मुळी एकच चाल लागायची. तेव्हा मला कळलं की ही कोपऱ्यातली मांडणी या नियमांतूनच निघालेली असणार. ज्या खेळात प्यादी एकेक पाऊल टाकतात, त्यात लांब बसून बघणारा उंटच शहाणा. पण सासूबाईंना घाई नव्हती आणि आता मलाही नव्हती. त्या लसूण सोलत राहिल्या, मी विटा रचत राहिलो. भिंत उभी राहिली.

यथावकाश त्यांनी घोडा बाजूला केला. “उंट बघा हं, जावईबापू.”

“बघितला,” मी म्हटलं आणि खुर्चीत मागे रेलून बसलो.

त्यांनी पहिल्यांदाच लसणीचं ताट खाली ठेवलं. पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पटाकडे पाहिलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वरण निवलं, बायको दोनदा येऊन गेली, तरी डाव हलेना. शेवटी कोणालाच काही करता येईना तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बरोबरी.” जागचं उठून त्यांना नमस्कार करायचाच काय तो बाकी राहिला होता.

बायकोने ताटं घेता घेता विचारलं, “जिंकलास?”

“हरलो नाही.”

“मग आई येणार?”

“नाही.”

“मग उपयोग काय त्याचा?”

मी मोठ्या समाधानाने पहिली पोळी वाढून घेतली.

त्यानंतर दर रविवारी बरोबरी व्हायला लागली. मी तेच करायचो, त्या तेच करायच्या. मला त्याचा इतका गर्व झाला की मी कारखान्यातही उगाच संथ बोलायला लागलो. बायकोला मात्र हा प्रकार अजिबात आवडेना. “आधी निदान वीस मिनिटांत आटपायचं,” ती म्हणायची. सासूबाई मात्र मजेत दिसत. कधी कधी माझ्या भिंतीवरून हलकेच बोट फिरवत आणि म्हणत, “चांगली बांधलीत.” ही आपली स्तुती आहे असं समजून मी दुसरी पोळी मागून घ्यायचो.

असेच काही महिने गेले. मग समोरच्या काकू गेल्या. म्हणजे वर गेल्या नाहीत, नाशिकला मुलाकडे गेल्या. त्या आणि सासूबाई एकाच जिन्यावर समोरासमोर राहायच्या. एकमेकींकडे किल्ल्या, एकच वर्तमानपत्र दोघींत, दुपारचा चहा एका घरी आणि संध्याकाळचा दुसऱ्या. उन्हाळा आला की दोघी मिळून कल्याणच्या बाजारात जायच्या, मिरच्या हातात घेऊन वास घेत घेत दुकानदारांना जेरीस आणायच्या आणि वर्षाचा मसाला डंकावर कुटून आणायच्या. काकू निघाल्या त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडलं, वर आल्या आणि आम्हाला फोन करून म्हणाल्या, “गेली. फॅनचा आवाज येतो गं तिच्या घरातून. बहुतेक बंद करायचा राहिला.” बायको म्हणाली, कुलूपबंद घरातल्या फॅनचा आवाज जिन्यापलीकडे ऐकू येतो, म्हणजे आईच्या घरात किती शांत असेल बघ. मला तेव्हा त्याचं फारसं काही वाटलं नाही. मी भिंतीच्या विचारात होतो.

त्यानंतर सासूबाईंचा खेळ बिघडला.

पहिल्या रविवारी त्यांनी एक घोडा माझ्या प्याद्याच्या तोंडासमोर आणून ठेवला. साधा, सरळ, फुकटचा घोडा. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो. इतकी वर्षं ज्या बाईने मला एक प्यादं सुखाने खाऊ दिलं नाही, ती घोडा देते म्हणजे काहीतरी कारस्थान आहे. असा माल दाराशी आला की मी तो परत पाठवतो. मी घोड्याला हात लावला नाही.

“खा की,” सासूबाई म्हणाल्या.

“नको.”

“अहो, खरंच मोकळा आहे.”

“म्हणूनच नको,” मी हुशारीने म्हटलं.

दुसऱ्या रविवारी त्यांनी कोपऱ्यातला उंटच पुढे आणला. शिकार दिसल्याशिवाय जो कधी जागचा हलला नव्हता तो उंट माझ्या हत्तीसमोर आणून बसवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोठा सापळा मी आजवर पाहिला नव्हता. मी भिंतीत आणखी एक वीट घातली.

आणि वर त्या बोलायला लागल्या होत्या. इतकी वर्षं डाव सुरू असताना एका वाक्यापलीकडे न बोलणारी बाई आता मधेच विचारायची, “ठाण्याला तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?” मी मान वर न करता म्हणायचो, “चोवीस तास.” थोड्या वेळाने, “त्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं की दुपारचं?” मी म्हणायचो, “दुपारचं.” मग, “तुळशीला सकाळचं बरं.” माझं लक्ष उडवायचा हा डाव मी बरोबर ओळखला होता. मी पटावरचं लक्ष ढळू दिलं नाही आणि पुन्हा बरोबरी करून दाखवली. सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. मला वाटलं, हताश झाल्या. झाल्याच होत्या.

त्या संध्याकाळी कोपरच्या फलाटावर बाकावर बसून मी बायकोला माझा पराक्रम सांगत होतो. उंट कसा दिला, मी कसा घेतला नाही, पाण्याबद्दल विचारून कसं गुंगवायला बघितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आईने या वर्षी मसाला केलेला नाही.”

“काकू नाहीत ना बरोबर. एकट्या कशा जाणार कल्याणला?”

“लोणचंपण घातलं नाही. बरणी धुऊन ओट्यावर उपडी घातलेली. मी आत गेलेले तेव्हा बघितली. मे महिन्यात आईची बरणी उपडी मी आजपर्यंत कधी बघितली नाहीये.”

“मग?”

“अरे, मग काय? वर्षभराचं काहीच ती भरत नाहीये. तिला यायचंय आपल्याकडे. तिला हरायचंय, आणि तू हरू देत नाहीयेस.”

मी मनातल्या मनात पट पुन्हा मांडला. घोडा आठवला, उंट आठवला, तुळशीचं ऊन आठवलं. मला भयंकर लाज वाटली आणि त्यातच हसूही फुटलं. जगात कोणी इतक्या खटपटीने हरायला बघत नसेल आणि कोणी इतक्या निष्ठेने त्याला वाचवत नसेल.

“आपण सरळ विचारू या का?” मी म्हटलं.

“अजिबात नाही. विचारलं की ती नाही म्हणणार आणि मग नाहीच येणार. तिने शब्द दिलाय, हरले की येईन म्हणून. तू फक्त जिंक.”

फक्त जिंक. जणू ते इतकं सोपं होतं. मला भिंत बांधता येत होती. भिंतीतून बाहेर कसं पडायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत हल्ल्याचे व्हिडिओ पाहिले. ते मास्तर इतके भरभर बोलत की डुलकी लागायची सोयच नव्हती. शुक्रवारपर्यंत मला जेवणाच्या सुट्टीचाच धसका बसला.

रविवारी बसलो. भिंत बांधली, ती सवयीने झाली. सासूबाईंनी उंट कोपऱ्यात बसवला आणि थोड्याच वेळात पुढे आणून माझ्या समोर ठेवला. मी देवाचं नाव घेतलं आणि तो खाल्ला.

काहीच झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, कुठून घोडा आला नाही. सासूबाईंच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी हललं. त्यांनी लसणीचं ताट बाजूला ठेवलं आणि स्टूल जरा पुढे ओढलं.

मग त्यांचा राजा फिरायला निघाला. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघावं तसा, एकेक घर करत, मधल्या मोकळ्या मैदानाकडे. वाटेत त्याने आपली उडीही उगाचच मारून टाकली, काही कारण नसताना. मी भिंतीतलं टेकूचं प्यादं घाबरत घाबरत एक घर पुढे ढकललं, तर त्याला कोणी अडवलं नाही. हत्ती आणले, घोडे आणले, उंट वाकडा लावला. दोनदा मी मागे फिरायला बघितलं आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. बायकोला बुद्धिबळ येत नाही, पण दारातून तिचं माझ्या हाताकडे बारीक लक्ष होतं.

आणि शेवटी सासूबाईंचा राजा पटाच्या मधोमध माझ्या फौजेसमोर येऊन उभा राहिला. वजीर आत घातला की मात. अगदी मलाही दिसत होती. मी वजीर उचलायला हात पुढे केला.

“वजीर राहू दे,” सासूबाई म्हणाल्या.

माझा हात तिथेच थांबला. मला वाटलं, आता शेवटच्या क्षणी मन फिरलं.

“नीट बघ रे,” त्या म्हणाल्या. लग्नापासून त्या मला अहो-जाहो करत आल्या होत्या.

मी नीट बघितलं. वजिराची चाल बघितली, हत्तीची बघितली, घोड्याची बघितली. बराच वेळ मला काही दिसेना. मग नजर भिंतीवर गेली. वजिरापुढचं ते प्यादं, जे मी दर रविवारी त्या एकाच घरात आणून उभं करायचो आणि मग डाव संपेपर्यंत हलवायचो नाही, त्याच्या पुढचं घर मोकळं होतं. तिथून ते राजाला शह देत होतं. बाजूच्या टेकूच्या प्याद्याचा त्याला जोर होता. बाकी सगळी घरं माझ्या मोहऱ्यांनी आधीच धरलेली.

मी प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं. एकच.

सासूबाईंनी बोटाने राजाभोवतीचं एकेक घर तपासलं. इथे नाही, इथेही नाही. मग त्या समाधानाने उठल्या, आत गेल्या आणि वाटीत गूळ-शेंगदाणे घेऊन आल्या. माझ्या हातावर ठेवले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी घाईघाईने ते तोंडात कोंबले. बायको दारात उभी होती. ती मात्र खुशाल रडत होती.

“आई,” ती म्हणाली.

“रडायला काय झालं? शब्द दिलेला मी,” सासूबाई म्हणाल्या आणि गॅलरीत गेल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांना वरून सांगितलं, “हरले हो मी. प्यादेमात झाली. आता काय, जावं लागतंय ठाण्याला.” मग आत येऊन नाशिकला काकूंना फोन लावला आणि त्यांनाही तेच सांगितलं. हरल्याचं इतक्या खणखणीत आवाजात सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मुलीच्या घरी कशा राहायला चाललात, असं त्यांना आता कोणी विचारणार नव्हतं. डाव हरलेल्या माणसाला काय विचारणार?

त्या आल्या. तुळस सकाळच्या उन्हासाठी पुढच्या गॅलरीत ठेवली, त्यासाठी माझी आरामखुर्ची आत गेली. बरणी आली, डबे आले, पट आला. पहिल्या रविवारी त्यांनी पट मांडला. पांढरे मोहरे मलाच दिले, कारण जावई ठाण्यातही जावईच. मी निवांतपणे भिंत बांधली. सासूबाई वाटाणे सोलत होत्या.

मग त्यांनी काळं प्यादं एका बाजूने आणून माझ्या भिंतीला भिडवलं. थोड्या वेळाने दुसरं प्यादं दुसऱ्या बाजूने. मी एकाला खाल्लं तर दुसरं उरलं, नाही खाल्लं तर दोन्ही उरली. माझी ती मजबूत, महिनोन्‌महिने टिकलेली भिंत चार-पाच चालींत भुईसपाट झाली आणि सासूबाईंनी घोडा बाजूला केला.

“उंट बघा हं, जावईबापू.”

मी हत्ती गेलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. “हे तुम्हाला आधीपासून येत होतं?”

“येणारच की. माझे वडील अशीच भिंत बांधायचे.”

“मग कोपरला कधी पाडली नाहीत ती?”

त्यांनी वाटाण्याची एक शेंग सोलून दाणे ताटात टाकले.

“पाडली असती तर तिथंच राहावं लागलं असतं. आणि तेव्हाच हरले असते तर लगेच निघावं लागलं असतं,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्यामागे ते घर सोडायचं म्हणजे मला थोडा वेळ हवा होता. तुमच्या भिंतीने दिला.”

आत बायको फोनवर कोणाशी तरी हसून बोलत होती. सासूबाईंनी वाटाण्याचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी मोहरे पुन्हा मांडायला घेतले.